दुरुस्त झालेल्या चुका

"अहो, काच बघितली काय?"

मी अंगणातनं ओरडले. मांडीवर उडदाची डाळ घेतलेलं सूप होतं, मान वर केली नव्हती. बॉयलरच्या शेडमधून आवाज आला, "बघतोय की. तुला दुसरं काम नाही काय?" मग पंप घरघरायला लागला आणि मी पुन्हा खडे वेचायला लागले.

ऑफिसच्या दारात माझी सून उभी होती. शलाका. हातात चहाचा कप, डोळे माझ्यावर.

"काय बघतीस? सासू डाळ निवडते कशी, ते पुण्यात दाखवत नव्हते वाटतं."

"तसं नाही आत्या. तुम्ही हाक मारली आणि मग पंप सुरू झाला. काल पण असंच झालं."

"मग? माझ्या नवऱ्यावर ओरडायला मला कुणाची परवानगी काढायला पाहिजे?"

ती हसली आणि आत गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पण ती अशी गप हसून आत गेली की मला वाटायचं, ही आता कुठंतरी लिहून ठेवणार.

इचलकरंजीत आमचं सायझिंग होतं, अजून आहे. यंत्रमागावर चढायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा टिकत नाही. गावातले माग चालवणारे सूत आणून द्यायचे, आम्ही खळ देऊन, वाळवून, बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, गुंडाळून द्यायचो. खळ शिजवायला वाफ, सूत वाळवायला वाफ, आणि वाफ म्हणजे बॉयलर. बॉयलर आमच्या ह्यांचा. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. बॉयलर चालवायचा त्यांचा सरकारी परवाना काचेत मढवून शेडमध्ये लावला होता, चौंडेश्वरीच्या फोटोच्या बरोबर शेजारी. नवसाचं तिला आणि वाफेचं आपल्याला, असं ते म्हणायचे.

बॉयलरच्या अंगावर एक काचेची नळी असते. तीत पाणी दिसतं. पाणी खाली उतरलं की पंप सोडायचा. पंपाची खोली कुलपात आणि किल्ली अण्णांच्या करदोट्याला. कोळसा घालणारा दस्तगीर, त्याच्याकडंही परवाना होता, चांगला पास होऊन आणलेला, पण अण्णा त्याला त्या खोलीच्या उंबऱ्यावरसुद्धा येऊ देत नसत. आणि पाणी सोडायचं राहिलं तर काय होतं, ते मी लहानपणी आमच्या शेजारच्या गल्लीत बघितलंय. बॉयलर फुटून छपराचे पत्रे उसाच्या फडात जाऊन पडले होते. पत्र्यांबरोबर आणखी काय पडलं होतं ते मी कुणाला सांगत नाही.

माझं नाव बनशंकरी, लोक बनाक्का म्हणतात. बनाक्का खारगे नवऱ्याला श्वास घेऊ देत नाही, असं आमच्या गल्लीत ठरलेलं होतं. बिचारे अण्णा, बॉयलरवर गेले तरी बायको पाठ सोडत नाही. पाणंद ओलांडून माझा आवाज जायचा आणि तिकडच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. लावू देत. मी ते नाव मिरवायचे.

नागेशनं, म्हणजे आमच्या थोरल्यानं, कोल्हापुरातून एक जुना सर्व्हर आणून ऑफिसच्या मागच्या खोलीत ठेवला होता. कुणाचं सूत कुठल्या बीमवर आहे, कुणाला खळ घट्ट लागते, कुणाला पातळ, सगळं त्यात. शलाका लग्नाआधी पुण्यात हेच काम करायची. मोठ्या कंपन्यांच्या खोल्याच्या खोल्या भरून असलेली मशीनं सांभाळायची. इथं आली आणि एकाच काळ्या डब्यासमोर बसली. मी तिला म्हणायचे, अख्खा गोठा राखणारी तू, आणि आमच्याकडं एक म्हातारी म्हैस.

नवरात्र बसलं होतं. दिवाळीच्या मालाची घाई. दुपारी जेवायला बसल्यावर शलाका नागेशला म्हणाली, "सर्व्हर एक दिवस बंद ठेवावा लागेल. मेमरीची एक पट्टी बदलायची आहे."

"चालतोय की."

"चालतोय. पण रोज चुकतोय."

"काय चुकलंय? बीमचं एक तरी काम उलटं गेलंय?"

"नाही गेलं, कारण मशीन चूक पकडतं आणि तिथल्या तिथं दुरुस्त करतं. आपल्याला कळत पण नाही. फक्त लॉगमध्ये एक ओळ येते. अमुक वाजता, अमुक खाचेतल्या पट्टीत चूक झाली, दुरुस्त केली."

"दुरुस्त केली ना? मग विषय संपला," नागेश भाकरी मोडत म्हणाला. "दसरा झाल्यावर बघू. दिवाळी झाल्यावर. तू आणि तुझा लॉग."

आता नवरा-बायकोच्या बोलण्यात सासूनं पडू नये हे मला कळतं. पण मी पडले.

"सूनबाई, दुरुस्त झालेली चूक पुन्हा उगाळायची नसते. या घरात प्रत्येक चूक कुणी लिहून ठेवली असती, तर तुझ्या नवऱ्याचं लग्नच झालं नसतं."

अण्णा ताक पीत होते, ते खुदकन हसले. नागेशचे कान लाल झाले. शलाकाही हसली, पण सोडलं नाही तिनं. "आत्या, एखादी चूक कुठंही होते. तिला मी मोजत नाही. पण एकाच पट्टीत, पुन्हा पुन्हा, आणि गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात जास्त. म्हणून लिहायचं. चूक झाली म्हणून नाही, कुठं होतीय ते कळावं म्हणून."

मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. पण माझ्या बापाच्या घरी हातमाग होते आणि मी धागे ओवायच्या फणीपाशी वाढले. फणीतलं एक घर वाकलं असलं की त्यातनं जाणारा धागाच तुटतो. तुम्ही गाठ मारा, तो पुढं जातो, परत तिथंच तुटतो. कापडावर काही दिसत नाही, कारण गाठ मारणारी बाई हुशार असते. हे मला समजत होतं. समजलं म्हणूनच मी विषय सोडला आणि अण्णांच्या ताटात न मागितलेली भाकरी वाढली.

"झालं माझं," ते म्हणाले. मग हात धुवून आले आणि म्हणाले, "आज ताक नाही केलंस?"

"केलंय की. पिऊन झालं. मिशीला लागलंय ते काय चुना आहे?" मी म्हणाले, सगळे हसले, आणि ती गोष्ट तिथंच मिटली. अशा मी बऱ्याच मिटवल्या होत्या.

दोन-तीन दिवसांत तो सर्व्हर भर कामात थांबला. पडदा निळा, आवाज बंद. माल न्यायला आलेल्या टेंपोवाल्यांनी ऑफिसात गलका केला आणि नागेश बायकोवर ओरडला, बाहेरच्या माणसांदेखत. मी आत गेले. म्हटलं, बायकोवर ओरडायचं असेल तर बापासारखा गप बसून घे आधी दहा वर्षं, मग बघू. तो बाहेर गेला.

शलाका मशीनसमोर बसली होती. रडत नव्हती, वाचत होती.

"मोडलं काय?"

"नाही आत्या, थांबलंय. एक बिट चुकला तर त्याला दुरुस्त करता येतो. एका वेळी दोन चुकले तर चूक झाली एवढंच कळतं, बरोबर काय होतं ते कळत नाही. मग ते स्वतःहून थांबतं. चुकीचं पुढं देण्यापेक्षा काम थांबलेलं बरं, म्हणून."

"आपणहून थांबतं?"

"तसं शिकवलेलं असतं त्याला."

मी त्या डब्याकडं बघत उभी राहिले. मला त्याचा राग आला होता, खरंच सांगते. एवढासा डबा.

ती खुर्ची फिरवून माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, मामांचं पण असं होतंय ना? पाण्याचं?"

"तुझं काम डब्यात बघायचं. माझ्या नवऱ्याकडं बघायचं नाही."

"तुम्ही घरी नसलात तर—"

"मी घरीच असते. चाळीस वर्षं घरीच आहे मी. तू आत्ता आलीस."

तिनं मान खाली घातली. मी बाहेर आले. दस्तगीर शेडच्या तोंडाशी घाम पुसत उभा होता. आमची नजरानजर झाली. त्यालाही माहीत होतं, माझ्या लक्षात आलं. किती दिवसांपासून कोण जाणे. मी हाक मारायच्या आधी तो फावडं टेकवून अंगणाकडं बघायचा, ते उगीच नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "मला काच दिसते. पण किल्ली त्यांच्याकडं. आणि मी सांगितलं तर अण्णा म्हणतात, तू मला शिकवतोस काय."

"मी आहे ना," मी म्हणाले.

किल्ली काढून घ्यायची म्हणजे काय, ते त्याला आणि मला दोघांना माहीत होतं. त्या माणसाकडं दुसरं होतं काय? मुलानं कारभार घेतला, हिशेब डब्यात गेला, बाजारात नागेशचं नाव चालायला लागलं. अण्णा सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बॉयलरवर जायचे, ते मालक म्हणून जायचे. किल्ली घेतली की घरात बसलेला म्हातारा. आणि नाही घेतली तर त्या शेडमध्ये दस्तगीर, खळवाला, बीमवरची पोरं, आणि अण्णा स्वतः. रात्री मी अंथरुणात बोलणी तयार करायचे. असं म्हणू, तसं म्हणू. गावभर जीभ चालवणारी मी, मला ते एक वाक्य जुळवता येईना.

अष्टमीला चौंडेश्वरीच्या देवळात ओटी भरायला गेले. गर्दी होती, पण दरवर्षी मी वेळ साधून परत यायचे. त्या वर्षी पुजाऱ्याच्या पाहुण्या मध्ये घुसल्या, त्यांच्याशी माझं भांडण झालं, भांडणात मी जिंकले, आणि जिंकून नारळ हातात घेतला तेव्हा ध्यानात आलं की उन्हं पायरीवरून उतरलीत. हाकेची वेळ होऊन गेली होती.

मी त्या वयात पळाले. नारळ एका हातात, चपला देवळातच राहिल्या. बाजारातले लोक बाजूला झाले, कुणीतरी म्हणालं, बनाक्का कुणाला मारायला निघाली. आमच्या पाणंदीच्या तोंडाशी आले आणि कान टवकारले. पंपाचा आवाज नव्हता. काहीच नव्हतं, नुसती वाफेची शीळ.

आणि मग माझाच आवाज ऐकला.

"अहो मामा, काच बघितली काय?"

तसाच. तेच हेल, शेवटचा शब्द वर नेलेला, तोच रागाचा आव. शलाका ऑफिसच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकली होती. शेडमधून अण्णा म्हणाले, "बघतो." नुसतं बघतो. 'तुला दुसरं काम नाही काय' म्हणाले नाहीत. पंप घरघरला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. शलाका बाहेर आली, माझे अनवाणी पाय बघितले.

"माझी हाक चोरलीस तू," मी म्हणाले.

"तुम्ही नव्हता, आत्या."

"कुणी शिकवलं तुला?"

"रोज ऐकते. सुरुवातीला दिवसातून एकदा असायची. आता तीन-तीनदा असते." तिनं माझ्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाली, "पाय धुवा. मी पाणी आणते."

पाय मी तिला धुऊ दिले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी काही चालत नाही. आदल्या संध्याकाळीच बॉयलरची आग काढतात, माग थांबतात, सगळं गाव असं गप्प होतं की कावळ्याचा आवाज मोठा वाटतो. जी जी वस्तू वर्षभर राबते तिला धुवून-पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. नागेश म्हणत होता, सर्व्हर चालू राहू दे, त्याला काय कळतंय. मी म्हटलं, राबतो ना? मग त्यालाही सुट्टी. माझ्या घरात खंडेनवमीला काही चालणार नाही. शलाकानं माझ्याकडं बघितलं. तिची नवीन पट्टी कोल्हापुरातून येऊन पडली होती. तिनं डबा बंद केला, उघडला, जुनी पट्टी काढली, नवी बसवली. अंगावरच्या ओढणीनं आतली धूळ सुद्धा पुसली.

देवघरासमोर अण्णा पाटावर बसून मांडत होते. नट आवळायचे पाने, हातोडी, फणी, माझ्या बापाच्या मागाचा धोटा, कात्री, दस्तगीरनं स्वतः घासून आणलेलं फावडं. शलाका ती जुनी पट्टी हातात घेऊन केराच्या टोपलीकडं चालली होती.

"आण इकडं," मी म्हणाले.

"आत्या, ही खराब झालीय."

"काम केलंय ना तिनं? मग आजच्या दिवशी केरात जायची नाही."

मी ती फणीच्या शेजारी ठेवली. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, वर काळे चौकोन. कुंकू लावलं.

अण्णांनी विचारलं, "हे काय?"

"मामा, त्या सर्व्हरची आठवण ठेवायची पट्टी," शलाका म्हणाली. "पुष्कळ वर्षं चालली. आता एका जागी चुकायला लागली होती."

"कुणाला कळलं?"

"मशीनच सांभाळून घेत होतं. बाहेर कळलं नसतं."

"मग?"

"सांभाळून घ्यायचंही जमेना. तेव्हा काढली."

अण्णांनी पट्टी उचलून तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली, जागच्या जागी ठेवली. मला वाटलं, आता बोलायला पाहिजे. रात्रभर जुळवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात त्यांनी सदरा वर केला, करदोट्याची गाठ सोडली. ती गाठ जुनी, तेलकट, सुटता सुटेना. मी पुढं वाकले तर म्हणाले, "राहू दे, मला येते." किल्ली काढली, धोतराला पुसली, आणि पट्टीच्या शेजारी ठेवली.

किल्ली कधीच पूजेत नसायची. बॉयलरची पूजा शेडमध्ये व्हायची आणि किल्ली अंगावरच राहायची. मी हळद-कुंकू वाहिलं. कुंकू जरा जास्तच पडलं.

दसऱ्याला ज्याची वस्तू त्यानं उचलायची. नागेशनं कात्री घेतली. दस्तगीर फावड्याकडं वाकला तेव्हा अण्णांनी त्याचा हात धरला आणि तळव्यावर किल्ली ठेवली. वर आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घे," म्हणाले. "काच बघत जा. आणि तुझा परवाना इथं टांगून ठेव, घरात उंदीर खातील."

दस्तगीर त्यांच्या पाया पडला. तो पुढं आमच्याकडंच म्हातारा झाला, त्यानं काच कधी चुकवली नाही.

सगळे गेल्यावर अण्णा अंगणात माझ्याशेजारी येऊन बसले. सगळीकडं माग सुरू व्हायला लागले होते, एकेक करून, लांबून.

"तुम्हाला कळत होतं?" मी विचारलं.

"कधीकधी कळायचं. कधीकधी तू ओरडलीस की कळायचं."

"मग आधी का नाही किल्ली ठेवली?"

ते आपट्याचं पान दुमडत बसले होते. "तुझा आवाज येत होता तोवर वाटायचं, हे आपल्या दोघांतलं आहे. नवरा-बायकोत काय, चालतं. परवा सुनेचा आवाज आला." पान सरळ केलं. "चांगलं ओरडते. तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं कुणाला जमत नाही."

"ते खरं," ते म्हणाले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं होते. हळूहळू एकेक जात गेलं त्यांच्यातनं. बाजाराचा रस्ता गेला, नातवाचं नाव गेलं, मग नागेशला ते आपला धाकटा भाऊ समजायला लागले. शलाकाला मात्र शेवटपर्यंत 'सर्व्हरवाली' म्हणायचे, तेवढं कसं राहिलं देव जाणे. आता बॉयलर नवा आहे, पाणी आपलं आपण घेतो, कमी झालं तर शलाकाच्या फोनवर निरोप येतो. अंगणातनं कुणी ओरडत नाही. गल्लीतल्या बायकांना मी गप्प झाले असं वाटतं.

शेवटच्या दोन वर्षांत माझंही नाव गेलं. पण ओट्यावर बसलेले असायचे, आणि शेडमध्ये पंप सुरू झाला की मान वर करून माझ्याकडं बघायचे, ही कोण बाई असं. आणि मग जरा दटावूनच विचारायचे, "काच बघितली काय?"

"बघितली," मी म्हणायचे.

त्यांचं समाधान व्हायचं. थोड्या वेळानं परत विचारायचे. मी परत सांगायचे. दिवसातनं किती वेळा, ते सुनेला विचारा, तिनं ठेवली असेल नोंद. मी काही मोजलं नाही.